फुली वर, गोल खाली

कारभारी गेला त्या सकाळी तिच्या फळ्यावर 'चालू आहे' या घरात चौदा चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर लिहिलं होतं, 'जाळी, मागची बाजू'.

कारभारी म्हणजे तिचा कोंबडा. आणि फळा म्हणजे मागच्या खोलीच्या भिंतीवर ठोकलेला प्लायवूडचा तुकडा, खडूच्या दोन उभ्या रेघांनी तीन घरांत वाटलेला: करायचंय, चालू आहे, झालं. शहरातली नोकरी सोडून, चार वर्षांची ठकी आणि सासरे यांच्यासह ती या अर्ध्या एकराच्या तुकड्यावर राहायला आली, तेव्हा ऑफिसातून एवढी एकच सवय तिने सोबत आणली होती. नवरा दूरच्या वीज केंद्रावर कामाला, पंधरा दिवसांतून दोन दिवस घरी. तो कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "अर्ध्या एकराला एवढं नियोजन? एवढ्यात तर एखादं बंदर चालतं."

थट्टा होती, पण खोटी नव्हती. तिला एखादी भीती वाटली, की ती लगेच एक काम काढायची. पावसाचं पाणी वाया जाईल म्हणून पन्हळीला पाइप. माती कस सोडेल म्हणून गांडुळखताची टाकी. ठकी घसरून पडेल म्हणून पायवाटेला फरशा. सगळी कामं निम्मी झालेली आणि सगळ्यांची हत्यारं अंगणभर पसरलेली. मागच्या बाजूची जाळी खालून उचकटली आहे हे तिने स्वतः पाहिलं होतं. चिठ्ठीही स्वतःच लिहिली होती. आणि चिठ्ठी लिहिली म्हणजे काम मार्गी लागलं, असं मनाशी धरून ती तीन आठवडे निवांत झोपली होती.

कुत्रं नेमकं तिथूनच शिरलं. नऊच्या नऊ कोंबड्या दांडीवर राहून वाचल्या, कारण कारभारी खाली उतरून मधे उभा राहिला.

त्याला लिंबाखाली पुरून ती आत आली. रडायला बसली नाही. फळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या तिने उपटल्या, जाळीची तेवढी खिशात घातली आणि बाकीच्या तेरा बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात कोंबून वर झाकण लावलं. दुपारपर्यंत तिने जाळीखाली हातभर खोल चर खणला, त्यात विटा बसवल्या, जाळी वाकवून विटांखाली दाबली आणि वर उभं राहून उड्या मारल्या. सासरे कोपऱ्यात उभे राहून विटा देत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आता?"

"आता एका वेळी एकच काम," ती म्हणाली. नव्या चिठ्ठीवर तिने लिहिलं, 'कोंबडा', आणि मोकळ्या फळ्याच्या मधोमध ती लावली.

दुसरा कोंबडा आणणं कुणालाही जमलं असतं. पण ही जात तिच्या आईच्या हातची होती. बुटक्या बांध्याच्या, राखाडी ठिपक्यांच्या, पायांवरही पिसं असलेल्या या कोंबड्या आईने तीस वर्षं निवडून, पारखून वाढवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी आईला भावाच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात राहायला जावं लागलं, तेव्हा तिने नऊ तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा लेकीच्या स्वाधीन केला होता. बाकीच्या कुठे कुठे वाटल्या गेल्या, त्यांचा आता पत्ता नव्हता. आई रोज सकाळी सातला फोन करायची आणि जावई, नात, तब्येत अशी वळणं घेत शेवटी विचारायची, "आणि माझी माणसं बरी आहेत ना?"

तिने आईला काही सांगितलं नाही. पूर्वी फोन घेऊन ती अंगणात जायची. आता स्वयंपाकघरात उभी राहून नळ सोडायची, म्हणजे मागची शांतता ऐकू जाऊ नये.

"तुझ्याकडे हल्ली नळ फार वाहतो," आई एकदा म्हणाली.

"भांडी पडलीयेत गं."

उपाय एकच होता. कोंबडा गेला तरी पुढचा आठवडाभर कोंबड्या फळलेली अंडी देतात, हे तिने वाचलं होतं. ती सगळंच वाचायची. चार दिवसांत तिने वीस चांगली अंडी निवडून थंड जागी ठेवली. एखादी कोंबडी खुडूक झाली असती, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसली असती, तर प्रश्नच मिटला असता. पण नऊजणींपैकी एकीलाही त्या आठवड्यात आईपण सुचेना. मग सासऱ्यांनी उबवणीची पेटी करायला घेतली.

सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं एका अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले. हात किंचित कापायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःहून दुकान बंद केलं होतं. बोलणं कमी, नजर बारीक. थर्मोकोलचा खोका, एक बल्ब, ऊब ठरावीक झाली की बल्ब विझवणारं बटण, तळाशी पाण्याची वाटी, आणि झाकणात बघायला म्हणून जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची गोल काच. दोन दिवसांत पेटी तयार होऊन मागच्या खोलीत बसली. आत तापमान मोजायचा काटा ठेवला, तो साडेसदतीसवर जाऊन थांबला आणि तिथून हलला नाही.

"तुमच्या हाताला यश आहे, बाबा," ती म्हणाली.

"अजून अंडी कुठे ठेवलीयेत," सासरे म्हणाले.

तिने गणितही करून ठेवलं होतं. तिचं शिक्षण संख्याशास्त्राचं. एकच पिल्लू निघालं तर तो कोंबडा असण्याची शक्यता निम्मी. दोन निघाली तर चारात तीन. चार निघाली तर त्यात एक तरी कोंबडा असणार, याची शक्यता सोळात पंधरा. "चार," तिने चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं. "चारच्या खाली मला झोप लागणार नाही."

"तशीही कुठे लागते तुला," सासरे म्हणाले.

अंडी पेटीत ठेवली की काम असतं ते वळवण्याचं. दिवसातून तीनदा प्रत्येक अंडं अर्ध्याने फिरवायचं, नाहीतर आतला जीव कवचाला एका बाजूला चिकटतो. म्हणून तिने प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ. तक्ता केला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवला, ठकीच्या रंगीत खडूंपासून लांब.

या घरात वेळेची आणखी एक गंमत होती, आणि तिच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. स्वयंपाकघरातलं घड्याळ ती पाच मिनिटं पुढे ठेवायची, कशाला उशीर होऊ नये म्हणून. सासरे दर रविवारी ते मुकाट्याने बरोबर करायचे. सोमवारी ती ते पुन्हा पुढे करायची. सासऱ्यांची ही खोड जुनी होती. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले, तरी भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं की यजमान आत गेल्यावर स्टूल ओढून ते जुळवून टाकायचे. सांगायचे मात्र नाहीत. सांगितलं तर समोरच्याला कमीपणा वाटेल, असं त्यांना वाटायचं. दोन वर्षं सासरे आणि सून एकाच काट्याला दोन बाजूंनी ढकलत होते, आणि दोघांच्याही मते घरात सगळं सुरळीत होतं.

तिसऱ्या दिवशी रात्री ठकीला ताप भरला. एकशे तीन. ओल्या पट्ट्या, औषध, पुन्हा पट्ट्या. रात्रभर उशाशी जागून चौथ्या दिवशी सकाळी तिला उभं राहवेना. "बाबा," ती दारातून म्हणाली, "आजच्या दिवस अंडी तुम्ही वळवाल?"

"वळवतो."

पाचव्या दिवशी ठकीचा ताप उतरला आणि तिने पुन्हा काम हातात घेतलं. 'आता मी करते' असं काही ती सासऱ्यांना म्हणाली नाही. म्हटलं तर त्यांना वाटायचं, माझ्यावर हिचा विश्वास नाही. सासऱ्यांनीही काही विचारलं नाही. विचारलं तर हिला वाटायचं, हे माझ्याकडे बोट दाखवतायत.

त्या दुपारी पेटी उघडली आणि ती थबकली. सकाळी तिने गोल वर केला होता. आता विसाच्या वीस अंड्यांवर फुली वर होती.

तिने तक्ता पाहिला. सकाळच्या घरात तिचीच खूण. मग तिला वाटलं, खूण केली आणि वळवायचंच राहिलं. रात्रभराचं जागरण, दुसरं काय. तिने अंडी वळवली, गोल वर आणला आणि परत ठकीजवळ गेली. रात्री पाहते, तर पुन्हा फुली वर.

तिला गॅसची कळ तीनदा तपासायची सवय होती. दाराची कडी दोनदा. झोपलेल्या ठकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची सवय अजून सुटली नव्हती. अशा बाईला स्वतःच्या हातावर संशय घ्यायला फार वेळ लागत नाही. सहाव्या दिवशी ती मोठ्याने मोजत वळवू लागली: एक, दोन, तीन. सातव्या दिवशी वळवून झाल्यावर तक्त्यावर खुणेऐवजी तिने लिहिलं, 'गोल वर. नक्की.' दुपारी पुन्हा फुली वर. 'नक्की' हा शब्द ती बराच वेळ बघत राहिली. मग ठकीला औषधाचा डोस दिला की नुसता चमचा धुतला, याचीही तिला खात्री वाटेना, आणि तिने बाटलीवर पेनाने रेघा ओढायला सुरुवात केली.

हे ती कुणाला सांगणार? नवऱ्याला फोनवर सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तू थकलीयेस, सोड ते कोंबड्यांचं खूळ. ते सोडायचं नव्हतं.

या दिवसांत सासरेही जरा गप्प होते. पण ते एरवीही गप्पच असत. त्यांच्या तळहातावर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं तिला दोनदा दिसलं. शब्दकोड्याचं उत्तर असेल, असं तिला वाटलं.

दहाव्या दिवशी सकाळी तिने ठरवलं, आता सोक्षमोक्ष. आपण वळवतो की नाही, हे आपणच पाहायचं. तिने अंडी वळवली, गोल वर केला, झाकण लावलं, आणि बाहेर न जाता खाद्याचं पोतं ओढून दाराआडच्या कोपऱ्यात त्यावर बसली. हातात चहाचा कप. कपातून एक घोटही घेतला नसेल, तोच सपातांचा आवाज आला. सासरे आत आले. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बरोबर सहा. कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले, पुसले, झाकण उचललं, वाकून पाहिलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. मग पहिलं अंडं उचलून हलकेच फिरवलं.

"बाबा, काय करताय?"

सासरे दचकले, पण अंडं हातून सुटलं नाही. चाळीस वर्षांचा हात. "वळवतोय."

"मी आत्ताच वळवली."

"आत्ता?"

"तीन मिनिटं झाली."

खोलीत फक्त बल्बच्या बटणाची टिकटिक. बाहेर एक कोंबडी अंडं घातल्याची दवंडी पिटत होती.

"रोज?" सासऱ्यांनी विचारलं.

"रोज. तिन्ही वेळा. ठकीचा ताप उतरला तेव्हापासून. तुम्ही?"

"मीही. मला वाटलं, पोरीच्या दुखण्यात तुझ्याकडून राहत असेल." ते थांबले. "मी फुली वर करून जायचो आणि परत येऊन बघायचो तर गोल वर. म्हटलं, झालं. आपलं डोकं गेलं. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चाव्या, मग दिवस, मग माणसं." त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'रात्री ९, फुली वर केली'. काल रात्रीचं. "तरी सकाळी गोल वर नसेल अशी आशा होती."

ती कप हातात धरून पोत्यावरून उठली. दोघांनी पाच दिवस एकमेकांचं काम निस्तरलं होतं, आणि दोघांनी मिळून वीस अंडी जिथल्या तिथे ठेवली होती. तिला हसू फुटलं, आणि पेटीकडे नजर जाताच ते विरलं.

"म्हणजे तुमचं डोकं शाबूत आहे," ती म्हणाली.

"तुझंही."

"आणि अंडी?"

सासऱ्यांनी हातातलं अंडं जागेवर ठेवलं आणि झाकण लावलं.

सकाळी नऊला त्यांनी खोलीची खिडकी पोत्याने झाकली, टॉर्चला पुठ्ठ्याची नळी लावली, आणि एकेक अंडं नळीच्या तोंडावर धरून पाहिलं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मधे एक काळा ठिपका हलतो. मेलेल्यात शिरा गळून नुसतं रक्ताचं कडं उरतं. काही अंडी तर कोरीच निघतात, दिव्यासारखी. ठकी आजोबांच्या पायाशी बसून मोजत होती.

"हे?"

"कडं," सासरे म्हणाले.

"हे?"

"कडंच."

तीन कोरी. आठ कड्यांची. नऊ जिवंत, त्यातली दोन संशयाची. तिने मेलेली अकरा अंडी बादलीत ठेवली, आणि बादलीवर फडकं टाकलं. मग फळ्याकडे वळली. 'चार' हा आकडा तिथेच होता. तिने तो खोडला नाही.

"यापुढे असं करायचं," ती म्हणाली. आवाज ऑफिसातल्या बैठकीसारखा निघाला, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. "एकट्याने पेटीला हात लावायचा नाही. दोघांनी एकत्र यायचं. वळवणार मी, बघणार तुम्ही. आणि झाल्यावर तक्त्यावर दोघांची सही. तक्ता कपाटात नाही, इथे, पेटीवर."

"सही पूर्ण की आद्याक्षरं?"

"बाबा, मी गंभीरपणे बोलतेय."

"मीही." त्यांनी खिशातून पेन काढलं. "आणि एक बोलू का? ते स्वयंपाकघरातलं घड्याळ."

"पाच मिनिटं पुढेच राहील."

"राहू दे," सासरे म्हणाले. "पण मला माहीत आहे, हे तुला माहीत असू दे."

पुढचे आठ दिवस तिन्ही वेळा दोघं पेटीशी हजर. ती वळवायची, ते भिंगातून पाहायचे, ठकी मोजायची आणि सहापुढे घसरायची. अठराव्या दिवशी पुन्हा टॉर्च लावला. नवातली सात उरली. यानंतर वळवणं बंद आणि झाकण उघडणंही बंद, कारण बाहेरची कोरडी हवा आत गेली की कवचाखालचं पातळ आवरण वाळतं आणि पिल्लू त्यात गुंडाळून गुदमरतं. म्हणजे यापुढे दोघांनी मिळून काहीच करायचं नव्हतं. तिला तेच सगळ्यात अवघड जाणार, हे सासऱ्यांना ठाऊक होतं. आणि त्यांनाही तेच अवघड जाणार, हे तिला ठाऊक होतं. त्यांनी पेटीला सुतळी बांधली, गाठीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर दोघांनी सह्या केल्या. ठकीने हट्ट धरला म्हणून तिचीही एक वाकडी रेघ घेतली.

एकविसाव्या दिवशी दुपारी पहिल्या कवचाला भोक पडलं. घड्याळाच्या गोल काचेला तिघांची नाकं लागली. संध्याकाळपर्यंत दोन पिल्लं बाहेर, ओली, केविलवाणी, जुन्या मोज्यांसारखी. सकाळी चार. पाचव्या अंड्याला आदल्या संध्याकाळीच भोक पडलं होतं, आणि रात्रभरात ते तसूभरही पुढे सरकलं नव्हतं. भोकातून चोचीचं टोक दिसत होतं, मधूनच उघडत होतं, मिटत होतं.

शेजारच्या नर्सबाई कुंपणाशी आल्या, आणि खोलीच्या उघड्या दारातून दोघांना येरझारा घालताना पाहून थांबल्या. चाळीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढलेली बाई. "लेबर रूमबाहेर फेऱ्या मारणारे बाप पुष्कळ पाहिले," त्या म्हणाल्या. "सासरा आणि सून पहिल्यांदाच बघतेय."

"एक अडकलंय," ती म्हणाली. "रात्रीपासून."

"बाळ हलतंय ना? मग तुम्ही हलू नका," नर्सबाई म्हणाल्या आणि आपल्या वाफ्यांकडे निघून गेल्या.

ती पेटीजवळ गेली. बोटं पट्टीच्या कडेवर टेकली. चार तर निघालीच होती. सोळात पंधरा हातात होते. पण चारातलं एखादं पहिल्या दिवसांत दगावतं, हेही तिने वाचलं होतं. शिवाय त्या चोचीकडे पाहून गणित आठवत नव्हतं. चिमट्याने कवचाचा एक तुकडा, एवढासाच, काढला तर.

"बाबा, ते मरेल."

"मरेलही."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना." सासरे भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये दाबून धरले होते. "म्हणून तर हात इथे ठेवलेत. दुकानात निम्मी घड्याळं माझ्याकडे कशी यायची माहितीये? बंदही पडलेली नसायची. मालकाला शंका यायची, तो मागचं झाकण उघडून बघायचा, आणि धूळ आत. मग माझ्याकडे. उघडलं की आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. तेवढंच."

तिने पट्टीकडे पाहिलं. तिची सही, त्यांची सही, आणि ठकीची रेघ. तिने बोटं उचलली, त्यांच्या शेजारी जाऊन भिंतीला टेकली आणि आपलेही हात पाठीमागे दाबून धरले. ठकी आली, दोघांकडे पाहिलं, आणि हा काहीतरी खेळ आहे असं समजून मधोमध तशीच उभी राहिली. एक तास गेला. मग दुसरा. हात मुंग्या येऊन बधिर झाले. दुपारी दीडच्या सुमारास पेटीतून भांडं तडकल्यासारखा बारीक आवाज आला, कवचाची टोपी बाजूला झाली आणि पाचवं पिल्लू स्वतःच्याच पायात पाय अडकून बाहेर पडलं.

उरलेल्या दोन अंड्यांतून काही निघालं नाही. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे एक पिल्लू पिसं ताठ करून कोपऱ्यात पडलेलं सापडलं. धडधाकट होतं ते, सगळ्यांत आधी निघालेलं. तिने ते लिंबाखाली नेलं. चार राहिली.

मग वाट पाहण्याचे आठवडे. तुरा लाल दिसतो का, मान ताठ होते का, शेपटीचं पीस वाकतं का, हे दोघं रोज पाहायचे आणि रोज भांडायचे. सासऱ्यांच्या मते पाचव्या अंड्याचं ते कोंबडा. तिच्या मते दुसरं. दरम्यान तिने बिस्किटाच्या डब्यातून एक चिठ्ठी काढली, पन्हळीचा पाइप पुरा केला, आणि मगच दुसरी काढली. अंगण दिसायला लागलं. नवरा सुट्टीवर आला तेव्हा फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "दोनच चिठ्ठ्या? बंदर बंद केलंस काय?"

'कोंबडा' ही चिठ्ठी अजून 'चालू आहे'मध्येच होती.

दहाव्या आठवड्यात, एका सकाळी सातला, फोन वाजला. तिने सवयीने नळ सोडला आणि फोन कानाला लावला. आईने जावयाची चौकशी केली, नातीची केली. "आणि माझी माणसं," ती म्हणत होती, तेवढ्यात खिडकीबाहेरून गंजलेलं फाटक कुणी जोर लावून उघडावं तसा आवाज आला, अर्ध्यावर फाटला आणि थांबला.

तिने नळ बंद केला.

"हा नवा ना?" पलीकडून आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अगं, तीस वर्षं त्यांच्या आवाजावर उठतेय मी. तुझ्या फोनमध्ये तो आला नाही, त्याच दिवशी कळलं."

"मग विचारायचं नाही का, आई?"

"तू नळ सोडून बसायचीस. म्हटलं, पोरीचं काहीतरी चालू आहे. होईल तेव्हा सांगेल." आईने नाक ओढलं, पण आवाज हलू दिला नाही. "किती आहेत?"

"चार. तीन तलंगा आणि हा एकच कोंबडा. वीस अंड्यांतून. चूक माझी होती, जाळी मी..."

"ते मग सांग. आधी मला त्याच्याकडे ने. नीट ऐकू येऊ दे."

ती फोन घेऊन अंगणात गेली. खुराड्याच्या शिडीवर तो उभा होता, दुसऱ्या अंड्याचा, पायांवर पिसं, अंगावर राखाडी ठिपके, मान अजून कोवळी. तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने फोनकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने, आणि चोच मिटून घेतली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"लाजतोय."

"थांबते मी. कुठे जायचंय मला?"

मागच्या दारात सासरे येऊन उभे राहिले होते. एका हातात फळ्यावरून काढलेली चिठ्ठी, दुसऱ्यात पेन. खाली त्यांची सही झालेली होती. तिच्या सहीशिवाय चिठ्ठी 'झालं'च्या घरात जाणार नव्हती. त्यांनी पेन पुढे केलं.

तिने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. अजून नाही. आधी आईला ऐकू दे. फोन तसाच धरून, हात जराही न हलवता, ती शिडीसमोर उभी राहिली.